रकाना : मेक

हुसनोद्दीनच्या वखारीत ती कुलरच्या पत्र्यांखाली होती.
चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही,
फोर्कसकट साडेचार किलो.
कोणाची म्हणून विचारलं तर तराजूवरून नजर न उचलता म्हणाला,
आप्पा, भंगारले नाव ऱ्हास का?

अमळनेर नगरपालिकेत एकतीस वर्षं
मी सायकलपट्टी घेतली.
पितळी बिल्ला, पावती, आणि जाड रजिस्टरात
नाव, पेठ, नंबर, मेक.
लोक म्हणायचे हर्क्युलस, मी लिहायचो हर्क्युलस.
कुणी म्हणायचं विलायती, मी लिहायचो विलायती.
खाली वाकून कधी बघितलं नाही.
रांग मोठी असायची,
आणि वैशाखात त्या पत्र्याखाली
शाई टाकातच वाळायची.

आता अंगणातल्या बाजेवर ती आडवी घातली.
रॉकेल, काथ्या, ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर.
हिरवा ऑइलपेंट गेला, खाली निळा,
त्याखाली गुलाबी, कुठल्या लग्नघराच्या भिंतीचा उरलेला,
मग काळा.
खरा काळा, भट्टीत भाजलेला,
आणि सीटखालच्या नळीवर वीतभर सोनेरी रेघ
केसाएवढी.

पुढच्या नळीवर दोन छिद्रं, एकाखाली एक.
तिथं बिल्ला होता.
अंतर मोजलं : दोन इंच, तीन सूत.
हंबर असती तर फोर्क दुहेरी असता.
बीएसए म्हणावी तर तीन बंदुका चैनव्हीलमध्ये असतात,
आणि चैनव्हील कधीच कुणाच्या कडबा-यंत्राला गेलं.
रॅलेचा आटा सव्वीसचा, हिचा चोवीस.
बुडाशी नंबर आहे, सहा आकडी,
तिसरा आकडा गंजाने खाल्लेला.
कागद ठेवून पेन्सिल घासली, आठ उमटला.
पुन्हा घासली,
तीन.

शेवटी उखर्डू मिस्तरीकडे नेली, बोरीच्या पुलाअलीकडे.
त्याला आता फारसं दिसत नाही.
बाजारात भरताचं वांगं पारखावं
तसा जोडांवरून अंगठा फिरवला, एकेका,
नखाने टिचकी मारली,
नळीच्या तोंडाला कान लावला.
आप्पा, हाई कंपनीनं काम नही.
एक मानूसनं शे. डावखोरा शे तो.
माझं बोट धरून त्याने कडेवर ठेवलं :
एकाच अंगाला कानस जास्त चाललेली, प्रत्येक जोडात.
आनि आठे देखा, तिसरा जोडले. आठे त्याले घाई व्हती.

मी म्हटलं, कुठला पण? बर्मिंगहॅम? कलकत्ता? लुधियाना?
हात समजस, तो म्हणाला. गाव समजत नही.

उखर्डूच्या आधीची दोन गेली होती.
हा झाला तेव्हा सुईणीने उकिरड्यावर ठेवला,
शेजारणीने उचलला,
आणि आईने ओंजळभर दादर मोजून परत घेतला.
नगरपालिकेच्या जन्मनोंदीत मात्र
कुणी कारकुनाने ते नाव बरं दिसेना म्हणून
उत्तमराव लिहिलं.
तो कारकून मी नव्हे, पण टेबल आमचंच.
पेन्शनच्या रांगेत उत्तमराव म्हणून पुकारलं
की शेजारचा माणूस त्याला ढोसतो.

नातू स्टिकरांची माळ घेऊन आला.
दहा रुपयांना कुठलंही :
सिंह, गरुड, ॲटलस, इंग्लंडचं निशाण.
आप्पा, कोणतं लावू?

मी वही काढली. पानावर रकाने आखलेलेच होते, जुनी खोड.
नाव, रिकामं. पेठ, रिकामी.
नंबर दोन्ही तऱ्हांनी लिहिला, एकाखाली एक.
मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकलो,
तिसरा जोड पुन्हा एकदा बघितला,
आणि लिहिलं, मेक :
डावखुरा. इथे घाईत.

पोराला म्हटलं, स्टिकर राहू दे, चाकं टाक.
कोणत्या कंपनीची टाकू?
उखर्डू आतून म्हणाला,
शेत ती टाक.